मिरजंच्या पुलावरचं वझं

आमी मूळचं मिरजंचंच, टेशनामागं घर. नाव दस्तगीर, हमाली करतोय, आमच्या अब्बापासनं. अब्बाच्या वक्ताला हितं मोठी लाईन आन् छोटी लाईन भेटायची, हिकडचं डबं तिकडच्या रुळावर चालायचं न्हाईत, म्हणून हळदीची पोती, गुळाच्या ढेपा हिकडनं उतरवायच्या आन् तिकडं चढवायच्या, त्यावर आमची सगळी गल्ली जेवायची. मग समदी मोठी लाईन झाली, गाडी सरळ निघून जायाला लागली. लोकांची सोय झाली, खरं अब्बा कट्ट्यावर बसला तो बसलाच.

माझं तरी बरं गेलं म्हणायचं. मिरजंत दवाखानं लय, कर्नाटकातनं सकाळच्या पॅसेंजरनं पेशंट यायचं. रिक्षावालं, लॉजवालं, औषधवालं, समदी त्या गाडीची वाट बघत बसायची. चालता येत न्हाई त्याला मी पाठीवर घिऊन टेशनातला, फलाटावरनं भाईर जायाचा पूल चढायचो.

काय सांगू तुमाला, एकदा रायबागकडची बाई उतरली, संगं नवरा, दम्यानं पार गळाठलेला. घेतला पाठीवर. पुलाच्या मधी माझ्या मानंवरचा त्याचा श्वास थांबला. मला कळलं, लगीच कळलं. बाई मागनं पिशव्या घिऊन येत हुती, इचारायली, बरं हायत न्हवं? मी म्हटलं, व्हय अक्का, डोळा लागलाय. गर्दीत ती तिथंच पडली असती, म्हणून म्हटलं, असं मी सोताला सांगतो.

दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली. बाई माझ्याकडं बघून म्हणली, तुमाला पुलावरच ठावं हुतं न्हवं?  वर म्हणली, सांगितलं असतंसा तर ऊब हाय तवर हात तरी धरला असता मी.

वरसं गेली, खरं ते बोलणं न्हाई गेलं.

आता लिफ्ट झाली, सरकता जिना झाला, ब्यागांना चाकं आली. पेशंट मोटार करून थेट दवाखान्याच्या दारात उतरतंय. समोरचा लॉजवाला म्हणतोय, खोल्या मोडून मोबाईलचं दुकान काढतो. पोरगी म्हणती, बास करा आता, गुडघं गेल्यात. तरी सकाळी लाल शर्ट घालून मी जातोच. लिफ्टला नावं कशाला ठेवू, आजारी माणसाला ती बरीच हाय. अल्लाजवळ एकच मागणं, हितं उतरलेलं माणूस आपल्या पायानं परत गाडीत चढू दे, मग त्याला हमाल लागू दे न्हाईतर न लागू दे.