सही नसलेली तीन पानं

हॅलो?… हो, भावनाच. जय भीम, जयंतकाका… नाही, आता कुणी नाही घरी. पाहुणे काल गेले.

नाही हो, काहीच लक्षण नव्हतं. रविवारी बाबा गच्चीत उन्हात बसले होते. पुढ्यात मटार आणि मांडीवर तुमच्या कंपनीसाठी लिहिलेला तो बेटाचा रिपोर्ट… हो, तोच. ज्या सरकारकडे पगाराला पैसे उरले नाहीत, ते बेट. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही करत होते… सरकारी सवय, काका. मी म्हटलं, बाबा, कोण पानं बदलणार आहे? कारकुनी पुरे, आधी मटार सोला. पेनच काढून घेतलं. तीन पानं राहिली… सोमवारी उठलेच नाहीत.

आहे ना, माझ्याकडेच आहे… अच्छा. मूळ प्रत?… शेवटची तीनच पानं?

अहो, ऐका ना. वाचलाय मी तो. काल वाचला. उपाय त्याच पानांवर आहेत. परदेशी मासेमारी कंपन्यांची करमाफी आधी काढा, मंत्र्यांच्या परदेशवाऱ्या थांबवा, म्हाताऱ्यांच्या पेन्शनला हात लावू नका… काय? पेन्शन आधी कापायची? आणि करमाफी तशीच?

नाव मात्र बाबांचं… वर फोटो. श्रद्धांजली म्हणून… शी! काका, परवा चितेपाशी माझ्या खांद्यावर रडलात. तेव्हाही हीच पानं होती का डोक्यात?

नाही, गेस्ट हाउसला येणार नाही… झुणका-भाकर खाता खाता बोलू? तुम्हाला घास उतरेल?

हो, सह्या नाहीत. म्हणून तर हिंमत झाली तुमची… थांबा, स्पीकरवर टाकते… काही नाही, सही करतेय. कोपऱ्यात, माझ्या नावाने. शेजारी लिहितेय, ‘वडिलांनी ठेवली तशीच.’ एक… दोन… तीन… आता फोटो काढतेय. त्या बेटाच्या अर्थखात्यातल्या बाईंचा शोकसंदेश आला होता, त्यांनाच पाठवतेय… ओरडू नका. बदनामी कुणाची?… गेले. तिन्ही गेले.

हॅलो?… काका?… ठेवला.

…बाबा, कधी म्हटलं नाही तुम्हाला. चुकलं माझं. मटार काय, नंतरही सोलता आले असते.