हंगेरीची नातसून आन् माझी आई

नातवानं हंगेरीची बायको केली त्याचं काय न्हाई, पण ती पोरगी सारखी वाडवडील हुडकत बसती. तिनं सोताच्या सात पिढ्या काढल्या, बायकांच्या माहेरच्या नावांसकट. मग मला इचारलं, "आबा, तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय?"

लग्नात नाव बदललेलं. सासरचं सोनाबाई, तेवढंच मला ठावं. सांगणारा मामाबी मेला.

तेवढ्यात आमच्या पिढ्यांची वही घेऊन, ती वाचून जवारी मागणारा हेळवी आमच्या वडगावला आला. म्हनलं, "आईचं नाव बघ."

"आबा, वहीत बायका लिवत न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. "मग मला काय बापानं जन्म दिला व्हय रं? आता सोनाबाई तरी लिव, मगच जवारी मिळंल!"