धोंडीतात्यांचं बाटलीतलं तीर्थ

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा – निर्व्यसनी कोणाला म्हणायचं? गळ्यात माळ आहे, दारूचं दुकान दिसलं की रस्ता बदलतो, तंबाखूवाल्याला ओट्यावर बसू देत नाही. झाला निर्व्यसनी? माना डोलवू नका एवढ्यात! फसाल!

ऐका. एक गाव होतं. नाव नाही सांगत, तिथले दोघे मागं खांबाला टेकून बसलेत! त्या गावात धोंडीतात्या, सत्तरी ओलांडलेले माळकरी. एका थंडीत त्यांना खोकला झाला. डॉक्टरांनी बाटली दिली – चमचाभर घ्या म्हणाले. तात्यांनी घेतलं, आणि काय सांगू! अंगात ऊब, गुडघे दुखायचे थांबले, सुनेचा आवाज गोड लागायला लागला. सुनेचा! पुढं खोकला गेला, बाटली काही जाईना.

पण माळकरी नशा कशी करणार? तात्यांनी बाटली ठेवली देव्हाऱ्यात! रोज दुपारी पळीनं हातावर घ्यायचं, डोळे मिटून प्यायचं, आणि तीर्थ घेतल्यावर आपण ओला हात डोक्यावरून फिरवतो ना – तो फिरवायचा! औषध चिकट. टोपी डोक्याला चिकटली, टोपीला मुंग्या लागल्या!

बायको सगुणाबाई म्हणायची, "अवो, खोकला कुठं हाय आता?"

"हाय की! हे बघ – खॉक्!"

शेजारचे बाजीनाना आले. तीर्थाला नाही कसं म्हणायचं? त्यांनाही पळीभर! हळूहळू सगळ्या भजनी मंडळाला खोकला झाला. मृदंगाच्या थापेवर सगळे म्हातारे एकदम – खॉक्! बाटल्या कोण आणायचं? तालुक्याला जाणारा प्रत्येक जण! जुनी चिठ्ठी, नवी बाटली. औषधच तर आहे, पुण्य लागेल!

अशात गावचा सप्ताह आला. तुम्हाला ठाऊक आहे, सप्ताहात वीणा कायम कोणाच्या तरी गळ्यात असते, जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडायचं, गळाभेट घ्यायची, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात. दुपारचा पहारा तात्यांचा. उभं राहायचं म्हणून अर्धी बाटली घेतली, वर झोपेची गोळी – का, तर रात्री डोळा लागला नव्हता! पुढचा पहारा बाजीनानांचा. तेही तीर्थ घेऊनच आले. दोघांनी गळाभेट घेतली… आणि सुटेचनात! एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभ्याउभ्या झोपले, मध्ये वीणा!

कोणीतरी ओरडलं, "भावसमाधी!" झालं! हार आले, बुक्का आला, पायाशी नारळांचा ढीग. एका बाईनं रडकं पोर पायावर घातलं. सरपंच मध्ये घुसून फोटो काढून गेले!

सगुणाबाई धावत आली. तिला टोपीकडं चढणाऱ्या मुंग्या दिसल्या. जवळ जायला लागली, तर लोक म्हणतात, "शिवू नका, समाधी मोडंल!"

"समाधीत माणूस घोरत्यो व्हय रं?"

आणि मंडळी, तेवढ्यात घोरणं थांबलं. आता हसू नका. तिनं तात्यांच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागतोय न लागतोय, ओठ निळे पडलेले. आणि सगळं गाव बघतंय कुठं? वीणेकडं! सोडवलं तर वीणा पडेल! त्या गावात बाईनं कधी वीणा घेतली नव्हती. सगुणाबाईनं खाली वाकून ती स्वतःच्या गळ्यात घेतली आणि दोघांना बाजूला सारलं. बाजीनाना नारळांवर बसले, जागे झाले – खॉक्! तात्या काही जागे झाले नाहीत.

जीपमध्ये घातलं. सगुणाबाई वीणेसकट जीपमध्ये, वीणा चाललीय म्हणून भजनी मंडळ मागून टेम्पोत! दवाखान्यात नर्स म्हणते, "आजी, हे खाली ठेवा."

"खाली ठेवायचं नसतं, बाई."

डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळी तात्यांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न काय? "सगुणे, वीणा टेकली न्हाई ना कुठं?"

इतका वेळ न रडलेली बाई तेव्हा रडली. "न्हाई टेकली. तिच्यामागं अख्खं गाव पळत आलं. तुमी रोज दुपारी गुंगीत पडून ऱ्हायचा, तवा कुणी आलं न्हाई. मीबी नुसती भांडले."

तात्या म्हणाले, "दुपार सरत न्हाई गं. ऐकू येत न्हाई, चालवत न्हाई, कुणी बोलाया येत न्हाई. त्या पळीनं दुपार सरायची."

डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सुटलं ते व्यसन. औषधापेक्षा जास्त उपयोग कशाचा झाला माहीत आहे? वीणेसारखाच तात्यांचाही पहारा लागला! दुपारी कोणी ना कोणी जवळ बसायचं, आणि दुसरा आल्याशिवाय उठायचं नाही.

आता तुमच्याकडं वळतो, मंडळी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाटली कोण आणून देतं? तुम्हीच! हातात ठेवता आणि निघता. ते ढाराढूर झोपले की म्हणता, चला, घर शांत झालं! त्यांचं व्यसन तुम्हाला सोयीचं आहे, म्हणून दिसत नाही!

तेव्हा आज माझ्या पाया पडायला रांग लावू नका. घरी जा. त्यांच्या खाटेवर बसा, हात हातात घ्या, विचारा, "कुठं दुखतंय?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका. मोठं असलं तरी! देवाला तेवढीच सेवा पोचते. बोला, जय हरी!