पाहुण्याचं पाणी

देते रे पाणी, देते – घसा काय लगेच फाटतोय का तुझा? बस आधी. तिथं नको, दारात नको बसूस, इकडं ये, भिंतीला टेक. दारातून पूल दिसतो ना, मग पुलावरूनही दार दिसतंच की. हां, तर काय सांगत होतास – तुमच्या तैवानच्या डोंगरात तुझा आजोबा माणसांची मुंडकी आणायचा, आणि आणल्यावर त्यांच्या तोंडात तांदळाची दारू ओतायचा? मेलेल्याच्या तोंडात? वाया घालवली की रे सगळी! माझ्या बापानं असली उधळपट्टी कधी केली नाही. तो मुंडकं उकळायचा, मांस सुटलं की खालचा जबडा काढून घ्यायचा आणि काशाच्या थाळीला मूठ म्हणून बांधायचा. काल लग्नात वाजत होती ती थाळी – मूठ हाडाची आहे म्हणून केवढा हरखलास, फोटो काय काढलेस – तो जबडा मालिगातच्या माणसाचा आहे बरं का. हो, तेच गाव, पुलापलीकडचं. मागचे दात अजून शाबूत आहेत त्याचे. माझे गेले.

हस, हस. तू हसलास की बरं दिसतोस. तुझ्या आजीचा तो फोटो परत दाखव बघू – तोच, गालांवर गोंदलेला. कानापासून ओठांपर्यंत काळे पट्टे. आणि हे माझे हात बघ – काट्यानं टोचून, काजळी भरून, रक्त पुसून पुन्हा टोचलेलं. मी ओरडले तर आईनं तोंडात फडकं कोंबलं होतं. माझ्या बापानं माणूस मारला म्हणून माझे हात सजले. तुझ्या आजीचे गाल कशानं सजले? तेच सांगतोयस ना तू – ही नक्षी एक, भात कुटायची उखळं एक, डोळ्याला शब्द एक, मग माणसंही एकच, कधीकाळी एकाच होडीतून निघालेली, कुणी तिथं राहिली, कुणी इथं आली. आणि त्यासाठी डबीत थुंकून ती थुंकी कुठंशी पाठवलीस? थुंकीवरून आजी कळते? आमच्याकडं थुंकीवरून एवढंच कळतं की समोरच्याला तू आवडला नाहीस. नाही, नाही, मी खोटं म्हणत नाहीये. त्या फोटोतली बाई बघून माझ्या काळजात चर्र झालं, वातान. माझी आई अशीच बघायची – चिडून, डोकं जरा वाकडं करून. ते थुंकीचं राहू दे, डोकं वाकडं करणं मला पुरेसं आहे.

पाणी – हो रे बाबा, लक्षात आहे. माठ भरलेला आहे, दिसतोय ना तुला. जरा दम धर.

मला एक सांग – काल तुला उभं राहून बोलायला कुणी सांगितलं? बानागनं. माझ्या थोरल्यानंच ना? खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ऊठ, सगळ्यांना सांग ते, मोठ्यानं सांग. आणि तू उठलास, थाळ्या थांबल्या, आणि त्या भरल्या अंगणात तू सांगितलंस – मी पाहुणा नाही, मी या घरचा आहे, आपलं रक्त एक आहे. सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या, तुला वाटलं वा, काय स्वागत! अरे वेड्या, लोक आनंदानं ओरडले असं वाटलं तुला? आमच्याकडं रक्त एक आहे असं कुणी उगाच बोलत नाही. जे बोलायला तोंड लागतं, ते निभवायला मान लागते. ज्या घराशी रक्त सांगितलं, त्या घरानं केलेला खून तुझा झाला. बदल्यात मारायला त्या घरचा कुणीही पुरुष चालतो – भाऊ, चुलतभाऊ, लांबचा भाचा – फक्त धडधाकट पाहिजे. नवरीच्या मावश्या बसल्या होत्या बघ, दोघी, सुपारी चघळत? त्या मालिगातच्या. बायकांना कुणी हात लावत नाही, म्हणून बातम्या त्याच नेतात. तू बोललास आणि त्या उठल्या. मांसाचा वाटा न घेता उठल्या! लग्नातून मांस सोडून कोण जातं?

बस खाली. बस म्हणते ना! आता पळून काय करशील, पूल एकच आहे.

मी बघितलंय त्या पुलावरून माणूस कसा येतो ते. माझ्या नवऱ्याला मालिगातवाल्यांनी तिथंच तोडलं. मिठाची गोणी होती त्याच्या पाठीवर, मानेवर पहिला घाव बसला तरी त्यानं गोणी सोडली नाही, खुळा – सगळं मीठ लाल. डोकं निम्मं लोंबत होतं. मारलेल्याला आम्ही आडवं ठेवत नाही, खुर्चीत बसवतो, दारासमोर, म्हणून त्याचं डोकं मी फडक्यानं खुर्चीला बांधलं. माश्या हाकायच्या नाहीत. रडायचंही नाही. समोर उभं राहून शिव्या द्यायच्या – ऊठ रे नामर्दा, बसलास काय, जा, ज्यानं मारलं त्याला घेऊन ये. मी दिल्या. घसा बसेपर्यंत दिल्या. धाकटा पोटात होता, बानाग माझ्या पाठुंगळीला, त्यानं चालायच्या आधी ते ऐकलं. मोठा झाल्यावर गेला, आणि आणलं त्यानं – मुंडकं नाही, आता मुंडकी आणत नाहीत, बोटं आणली. मग भाले देऊन-घेऊन तह झाला, रेडे कापले, आणि पोरं दोन्हीकडून ये-जा करू लागली. चांगले दिवस होते ते. मला वाटलं होतं, मी मरेपर्यंत पुरतील.

काय? वर? उंदीर आहेत रे. माळ्यावर भात आहे, उंदीर येणारच.

...हो. उंदीर खोकत नाहीत. मलाही ठाऊक आहे.

लिग्वा आहे वर. तुझा मित्र. मी म्हटलं होतं ना, राजधानीला गेलाय कामावर? नाही गेला. कापणीपासून वर आहे. तुमच्या त्या स्क्रूच्या कारखान्यात तुझ्या शेजारी उभा राहायचा, तुला आमची बोली शिकवायचा, आपल्या डब्यातलं तुला द्यायचा – खरं आहे सगळं, चांगला होता माझा पोरगा. तिकडून आला तो नवे बूट घालून आला. कापणीच्या जेवणाला मालिगातला गेला, त्या घरात बसला, त्या घरचं पाणी प्यायला. पाणी प्यायला, कळतंय का तुला मी काय सांगतेय? आणि त्याच घरच्या दागसाननं बुटांवरून थट्टा केली तर ह्यानं मांस कापायचा कोयता उचलून त्याच्या पोटात घातला. जेवणाच्या पानावर! दागसान आतडी हातात धरून आईकडं चालत गेला म्हणतात. लग्न ठरलं होतं त्याचं. त्यांनी तहाचा भाला परत पाठवला, मोडून. तेव्हापासून ते लिग्वाची वाट बघतायत, आणि बानाग विचार करत बसलाय की धाकट्या भावाला कसं वाचवू – आणि तेवढ्यात तू आलास. बॅग पाठीवर, हसत हसत, मी तुमचाच आहे म्हणत!

माझ्याकडं असं बघू नकोस. मला आज सकाळी सांगितलं बानागनं. म्हणाला, आई, तो निरोप घ्यायला येईल, बोलत बस, जीप यायच्या वेळेला पुलावर पाठव, आणि काही झालं तरी पाणी देऊ नकोस. घरचं पाणी प्यायला की तो पाहुणा, आणि पाहुण्याला सीमेपार पोचवायला घरचा माणूस पुढं चालतो – पहिला घाव त्यानं घ्यायचा असतो. न प्यायलेल्याच्या पुढं कुणाला चालावं लागत नाही, आणि लग्नातलं पाणी सगळ्या गावाचं, ते मोजत नाहीत. मी म्हटलं, बरं. हो, म्हटलं मी! पोटचा पोर वर खोकतोय, मी काय म्हणणार होते?

पण तू तो मेला फोटो दाखवलास. आणि मी बसल्या बसल्या विचार केला – तू खोटं बोलत असशील, थुंकी खोटी, होडी खोटी, तर तू परका, आणि परक्याला मारून दागसानचा बदला पुरा होत नाही. ते पुन्हा येतील, लिग्वाला नेतील, तू फुकट मेलास. आणि खरं बोलत असशील तर तू माझा. मग मी माझाच एक देऊन माझाच एक ठेवतेय – आणि तोही कुठला, ज्यानं काही केलेलंच नाही तो! हे मला जमत नाही रे. बानागला जमेल, त्यानं माझ्या शिव्या फार लहानपणी ऐकल्या.

घे. करवंटी दोन्ही हातांनी धर. पी. थांबू नकोस, सगळं पी. सांडू नकोस.

लिग्वा! ए लिग्वा! खाली उतर. ऐकलंयस तू सगळं, कान बंद नव्हते तुझे. तो प्यायला. तुझा मित्र आहे, तुझ्यासाठी आलाय, तूच पुढं चालायचंस – बानाग नाही, तू. ते बूट नको, अनवाणी जा. आणि तो शर्ट काढ आधी, घामट झालाय. दोरीवर धुतलेला आहे, तो घाल.

रडतोस कशाला, वातान? तू त्याच्या मागं राहा. अगदी मागं. काही झालं तरी थांबायचं नाही, जीपपर्यंत चालत राहायचं, आणि तिकडं गेल्यावर कुणालाही सांगायचं नाही की इथं तुझं कुणी आहे.

बटणं नीट लाव रे. हं. जा आता दोघं.

दार ओढून घ्या. पूल दिसतो मला.