साक्षीचा नारळ

(निमोणे, १९७५. साहेबराव नुकताच मॅट्रिक झालाय, रेल्वेतल्या नोकरीचा अर्ज भरायचाय. आई भागुबाई आणि दौंडच्या रेल्वेत गँगमन असलेला म्हाळूमामा अंगणात बसलेत.)

म्हाळूमामा : तोंड मिटायचं आन् नुसतं 'हिंदू' म्हनायचं!

साहेबराव : तोंड मिटून कसं म्हणू, मामा?

म्हाळूमामा : आक्का, बघ! मॅट्रिक झाला आन् मामाला शिकवाया लागला. अरं, रेल्वे दिल्लीची. दिल्लीच्या कायद्यात बौद्धाला राखीव जागा न्हाई, हिंदू महाराला हाय. कायदा म्या केलाय व्हय?

भागुबाई : तू रं कसा लागलास?

म्हाळूमामा : म्या दीक्षेच्या आधीच लागलो. घण उचलतो का, एवढंच इचारलं सायबानं.

साहेबराव : आई, हिंदू असल्याची साक्ष लागते गावातल्या कुणाची तरी. गुरवाकडं गेलो. तो म्हणाला, "साहेबा, तुला मी देवळात कधी बघितलंच नाही."

भागुबाई : बघंल कसा? तुझ्या आज्याला त्याच्याच बापानं पायरीवरनं हाकललं!

साहेबराव : तेच म्हणालो. तर म्हणतो, "तेच तर! आलाच नाहीत कधी."

भागुबाई : अगं बया! काय मानूस म्हनायचा!

म्हाळूमामा : हसू नगा. म्या त्याला च्या पाजून लाइन क्लिअर करून आलोय. म्हनतो, खोटं बोलनार न्हाई. सांजच्याला मारुतीपुढं पोरानं नारळ फोडावा, म्या डोळ्यांनी बघतो, मग साक्ष देतो. ह्यो बघ, नारळ बी आनलाय.

भागुबाई : आत बोलावलंय? गाभाऱ्यापतूर?

म्हाळूमामा : मान देऊन.

भागुबाई : देव तर म्या छप्पन साली ह्याच हातांनी घोडनदीत सोडले. तवा ह्यो पोटात व्हता. पर पोराच्या पोटासाठी एक नारळ... जा बाबा. म्या काय बोलनार न्हाई.

साहेबराव : आज्याला महार म्हणून आत जाऊ दिलं नाही. आता मी महार आहे हे पटवायला आत जायचं?

म्हाळूमामा : डोस्कं नगं चालवू, नारळ उचल!

साहेबराव : नोकरी मला पाहिजे, मामा. लई पाहिजे. आईनं आणखी किती वर्षं लोकांचे कांदे काढायचे? पण शनिवारी विहारात बारक्या पोरांना वंदना मीच शिकवतो. उद्या त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं बसू?

भागुबाई : मग?

साहेबराव : खुल्या जागेतून परीक्षा देतो.

म्हाळूमामा : खुल्या जागेत पुन्याची हुशार पोरं असत्यात, येड्या! धुऊन काढतील तुला.

साहेबराव : माहीत आहे. भीती वाटते मला.

भागुबाई : मला बी वाटती. पर आता न्हाई म्हनालास ना, मग आता मागं नगं फिरू. म्या कांदं काढीन आनखी.

म्हाळूमामा : दोघं मायलेक सारखेच! एवढं धावलो, गुरवाच्या हातापाया पडलो...

साहेबराव : रागावलात, मामा?

म्हाळूमामा : रागावू नगं तर काय नाचू? ...परीक्षा कवा हाय?

साहेबराव : दिवाळीनंतर.

म्हाळूमामा : मग हितं चिमनीपुढं डोळं फोडू नगंस. दौंडला चल. माझ्या क्वार्टरात लाइट हाय, आन् माझी रातपाळी. दार लावून वाचत बस.

साहेबराव : आणि शेजाऱ्यांनी विचारलं, कोण तू, तर?

म्हाळूमामा : म्हाळूचा भाचा म्हन.