चातुर्मासातला कांदा

सभेचे अध्यक्ष माननीय तात्यासाहेब, प्राचार्य महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे विभागप्रमुख प्राध्यापक नारायणराव मेहेंदळे सर, सरांच्या सुविद्य पत्नी शरयूताई, सांगलीहून मुद्दाम आलेले पाहुणे, सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि मागच्या दाराशी पाण्याच्या पिंपाजवळ उभे असलेले केरबा खरात,

केरबा, बसून घ्या. तुम्हांला पाणी द्यायला उभं केलंय हे मला ठाऊक आहे. पाच मिनिटं कुणाला तहान लागणार नाही.

मला बोलायला पाच मिनिटंच दिली आहेत. माझ्याआधी चौघे बोलले. चौघांनीही सरांना ऋषितुल्य म्हटलं आणि तिघांनी सरांच्या कांद्यावरच्या संशोधनाचा गौरव केला. ते संशोधन नेमकं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझ्याकडे आलं ते बरं झालं, कारण मी सरांच्याच हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि व्यासपीठामागे टांगलेला हा मोठा तक्ता मीच रंगवला आहे.

'कांद्याची भावकी' असं त्यावर लिहिलंय. कांदा कुणाचा भाऊबंद, हा वाद जुना आहे. आधीचे पंडित त्याला लिलीच्या घरात घालत, कारण फुलातला बीजकोश पाकळ्यांच्या वर बसतो. मग तीसेक वर्षांपूर्वी विलायतेत एकाने सांगितलं, फुलं दांड्यावर लागतात कशी ते पाहा. लिलीच्या घरच्या कित्येक झाडांना ती दांड्यावर एकाखाली एक लागतात. कांद्याला सगळी फुलं टोकाशी एकाच जागेतून फुटतात, आधी पातळ पडद्यात बांधलेली असतात आणि मग छत्रीसारखी उघडतात. आपल्या ओढ्याकाठच्या गडांबीचंही तसंच. म्हणून गडांबीला कांद्याचा वास नसला तरी ती कांद्याच्या घरची. लाखो वर्षांत दांड्यावरची अंतरं आखडत गेली आणि सगळी फुलं एका जागी आली, असं सर शिकवायचे. नावावर जाऊ नका, दिसण्यावर जाऊ नका, फूल काय सांगतं ते पाहा, असं म्हणायचे. फार चांगलं शिकवायचे. ते मी नाकारणार नाही.

आता एक घरगुती गोष्ट. आमच्या विभागात दरवर्षी कांदेनवमी व्हायची. आषाढी एकादशीपासून चार महिने सर कांदा वर्ज्य करतात, म्हणून आदल्या नवमीला प्रयोगशाळेत भज्यांचा घाणा निघायचा. सर भजी खात कांद्याच्या कुळावर व्याख्यान द्यायचे. तेव्हा विभागाचे शिपाई असलेल्या केरबांची भजी कागदात बांधून खिडकीत ठेवलेली असायची, त्यांच्या वेगळ्या पेल्याशेजारी. त्या पेल्याविषयी मी पहिल्या वर्षी विचारलं, दुसऱ्या वर्षी विचारलं नाही. आमच्या सांगलीच्या घरीही चातुर्मास पाळतात. मला त्यात काही खुपलं नाही, हे कबूल करायला हवं.

पण विद्यार्थ्यांनो, तुम्ही वनस्पतिशास्त्राचे आहात. मला सांगा, आपल्या पठारांवर ही कंदांची झाडं उगवतात आणि फुलतात कधी? नेमकी याच चार महिन्यांत. मग कांद्याच्या भावकीचा अभ्यास करणारा माणूस या चार महिन्यांत करायचा काय? व्रतात वासही नको म्हणून सर दारात नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. केरबा खिडकीशी बसून कंद चुरडायचे, हुंगायचे आणि सांगायचे, 'तिखाट हाय', 'उग्र हाय', 'कायबी न्हाई'. सर ते वहीत उतरवायचे. सात वर्षं या विभागाचं नाक केरबांचं होतं.

त्रेसष्टच्या श्रावणात केरबांनी कासच्या पठारावरून एक कंद आणला. पानं होती, फूल नव्हतं. दिसायला अगदी कांदा. सर हरखून गेले. आपल्या डोंगरात रानटी कांदा मिळाला तर केवढी गोष्ट. सांगलीच्या अधिवेशनाला नऊ दिवस उरले होते. केरबांनी कंद चुरडला आणि म्हणाले, 'सायेब, ह्याला कांद्याचा वास न्हाई. ह्यो त्यातला न्हवं. फूल यिऊ द्या, मग बघू.' सर म्हणाले, 'तुला वास घ्यायला ठेवलंय, निवाडा द्यायला नाही.'

मी तिथेच होते. नमुन्याच्या कागदावर चिठ्ठी मीच लिहिली. संग्राहक म्हणून सरांचं नाव घातलं, कारण तोवर तेच घालत आलो होतो. त्या रात्रीच हा तक्ता पुढे वाढवला आणि त्यावर सह्याद्रीचा कांदा रंगवला.

सरांनी सांगलीला निबंध वाचला. तो छापूनही आला. एकच वाक्य वाचते, 'ताजा कंद चुरडला असता कांद्याचा तीव्र गंध प्रस्तुत लेखकास स्वतः स्पष्टपणे जाणवला.' खाली तारीख आहे, ती श्रावण वद्य पंचमीला पडते.

शरयूताई, तुम्ही मान खाली घातलीत. तुमच्या घरी त्या महिन्यात कांद्याचं सालही येत नाही, हे साताऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे एक तर सरांनी व्रत मोडलं, नाही तर प्रस्तुत लेखकाने कंद हुंगलाच नाही. व्रत मोडलं असतं तर मी सरांच्या पाया पडले असते. आज हार घालायची वेळ आली तेव्हा माझ्याच्याने उठवेना, त्याचं कारण हे दुसरं आहे.

केरबांनी त्यातलाच एक कंद मागच्या अंगणात कुंडीत लावला होता. पंधरा दिवसांत फूल आलं. फुलं दांड्यावर एकाखाली एक, छत्री कुठेच नाही. कांद्याचा तो कुणी नव्हे. ती लिलीच्या घरची साधी दीपकाडी. मी तिचं चित्र काढलं आणि तारीख घातली. केरबांनी कुंडी सरांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा सर एवढंच म्हणाले, 'हे बाहेर ने.' दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी गटारात उपडी पडलेली होती.

मग नमुना तपासणाऱ्यांचं पुण्याहून पत्र आलं की हा कांदा नव्हे. सरांनी उत्तर धाडलं की शिपायाने नमुन्यांची अदलाबदल केली. चौकशी बसली. मला एकच प्रश्न विचारला, 'तुमच्यासमोर केरबाने वासाविषयी काही हरकत घेतली होती काय?'

मी म्हटलं, 'आठवत नाही.'

हे दोन शब्द मी तीन वर्षं गिळते आहे आणि ते खाली जात नाहीत. मला सरांची किळस येते असं मी आज ठरवून सांगायला आले होते. येतेच. त्या रुमालाची येते, 'प्रस्तुत लेखक' या शब्दांची येते, हारतुऱ्यांची येते. पण बोलता बोलता लक्षात येतंय की सगळ्यांत जास्त माझीच येते. सर निदान खोटं बोलले. मी तेवढंही धैर्य दाखवलं नाही.

केरबांना प्रयोगशाळेतून काढून वसतिगृहाच्या मोऱ्या धुवायला लावलं. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा बसला, 'नमुन्यांची अदलाबदल. विश्वासास अपात्र.' जूनमध्ये तेही निवृत्त होतील. त्यांचा सत्कार होणार नाही. काल मी त्यांना भेटायला गेले, पहिल्यांदाच. ते म्हणाले, 'बाई, छप्पन साली आमी बुद्ध झालो, गावकीची कामं सोडली. माझ्या बापानं मेलेली ढोरं वडली, मी न्हाई वडली. हितं झाडांत आलो, वाटलं शिकल्याली मानसं हायती. आता मोरी धुतो. धुईन, दोन म्हैनं ऱ्हायल्यात. पर कागदावर लिवलंय की केरबाला कांदा वळकला न्हाई. त्येवढं खोडा. कांदा मी वळकला व्हता.'

अध्यक्ष महाराज, आपण हात वर केलात. पाच मिनिटं झाली. आणखी एकच मिनिट द्या.

तक्त्याच्या उजव्या फांदीवर निशिगंधाचा मोठा हार टांगलाय. तो शोभेचा नाही. पुण्याचं पत्र आल्यावर सह्याद्रीच्या कांद्यावर मी पांढरा रंग फासला होता, तो डाग झाकायला मीच आज सकाळी तो हार टांगला. सवय जात नाही. आता तो काढते.

आणि हे माझं चित्र आपल्या टेबलावर ठेवते, तारखेसह. खाली संग्राहकाचं नाव काल रात्री लिहिलंय, केरबा ज्ञानू खरात. सोबत चौकशी समितीला अर्ज आहे. सर अजून आठ दिवस खुर्चीवर आहेत. तो शेरा खोडायचा अधिकार त्यांचा आहे, खोडायला लावायचा आपला आहे. दोघांच्या सह्यांसाठी जागा सोडली आहे. माझी सही झालेली आहे.

आपण सर्वांनी मला इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. सरांच्या पुढच्या आयुष्याला मी काय इच्छावं हे मला सुचत नाही, तेव्हा ते राहू दे. बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल तर त्याची क्षमा मी आज मागत नाही. क्षमा मागायची ती एकाच माणसाची, आणि तो पिंपाजवळ अजून उभाच आहे.

केरबा, चौकशीत मला विचारलं होतं. मला आठवतं. तुम्ही म्हणाला होतात, ह्याला कांद्याचा वास न्हाई.