सरूचा पहिला कागद

हौसा: न्हाय बाई, तुमी बोलू नका, आधी माझं ऐका. मी झोडपली तिला. पाठीवर वळ हायेत अजून. तुमची मान खाली गेली सायबांपुढं, ती माझ्या पोरीपायी. आता तिला शाळेत धाडायचीच न्हाय. तुमाला पन तरास नको.

मनाली: अगं हौसा, मारलंस? कशासाठी?

हौसा: नापास झाली म्हनून! ठान्यावरनं मानसं आली परीक्षा घ्याया, आन् ही समदं उलटं भरून आली. तुमच्या घरची ती भाविका, सरूच्या शाळेतली, बाजारात सांगत व्हती माझ्या जावेला, सरूनं बाईंना रडवलं म्हनून.

मनाली: रडले नव्हते मी.

हौसा: मंग?

मनाली: चिडले होते. ते जाऊ दे. चार दिवस ती वर्गात नाही, म्हणून आले. म्हटलं, रविवारी तू घरी सापडशील.

हौसा: हाय की. एरवी काल्हेरला, गोडाऊनात. खोक्यांला टेप मारायची ड्युटी. तुमी वाडीवर कश्या आलात पन? नऊ वर्सं झाली तुमाला शाळेत, कवा पाऊल न्हाय पडलं इकडं. बसा. म्हंजी, बसनार असाल तर. पानी विचारत न्हाय. तुमी घेनार न्हाय, म्हाईत हाय.

मनाली: बाटली आहे माझ्याकडे. उंबऱ्यावर बसते. वाल सोलतेस का? दे इकडे थोड्या शेंगा.

हौसा: अवो, तुमी कशाला! नखं काळी व्हतील.

मनाली: होऊ देत. सरू कुठंय?

हौसा: आत, पिशवी भरते. उद्या माझा भाऊ येतो तिला न्यायला. कामतघरला भईन हाय आमची. नवरा कापडाच्या लूमवर, ती पन शिफ्टला जाते, घरात तान्हं पोर, बघाया कोन न्हाय. शाळा जमत न्हाय तर निदान पोर तरी सांभाळंल.

मनाली: अगं, सहावीतली पोर ती! आणि नापास नाही झालेली. ती परीक्षाच नव्हती.

हौसा: परीक्षा न्हवती?

मनाली: मराठी आणि गणिताचा पेपर होता, तो तिने चांगला सोडवलाय. तू जे म्हणतेस तो वेगळा कागद. त्यात मुलांना विचारतात, शाळेत बरं वाटतं का, कोणी चिडवतं का, अडचण आली तर सांगायला कोणी आहे का. सगळ्या राज्यात विचारतात. त्याला मार्क नसतात. प्रत्येकाने जे वाटतं ते भरायचं.

हौसा: जे वाटतं ते?

मनाली: हो.

हौसा: मंग आठ दिस घोकून काय घेतलंत? ही चुलीम्होरं बसून म्हनायची, "मला शाळेत आनंद वाटतो, पहिला गोल. मला शाळेत भीती वाटते, चौथा गोल." ऐकून ऐकून मला पाठ झालं बाई. पोराला बरं वाटतं का, त्येचं पन उत्तर तुमीच शिकवलंत?

मनाली: शिकवलं. काय सांगू तुला? मागच्या वेळी अख्ख्या केंद्रात आमच्या शाळेची मुलं सगळ्यात दुःखी निघाली. तसा आकडाच आला. सभेत केंद्रप्रमुखांनी मला उभं केलं, पन्नास मास्तरांसमोर. "मॅडम, तुमची पोरं हसत का नाहीत?" झालं, सगळी सभा खो खो हसली. घरी जाऊन सासूलासुद्धा सांगितलं नाही मी. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी एक गोल इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. फळ्यावर चार गोल काढून ठेवले. नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. प्रितम विचारतो, "बाई, क्वचित म्हणजे काय?" म्हटलं, ते आपल्याला भरायचंच नाही, तू पहिला आणि चौथा तेवढा लक्षात ठेव.

हौसा: आन् माझीच तेवढी विसरली.

सरू: विसरले न्हाय.

हौसा: आली बघा बाहेर! आधी बाईंच्या पाया पड. माफी माग.

मनाली: नको, नको. सरू, ये, बस इथं.

सरू: उभीच बरी हाय.

मनाली: पाठ दुखते?

सरू: न्हाय.

हौसा: सांग ना त्यास्नी, ध्यान कुठं व्हतं तुझं?

सरू: ध्यान होतं. ते ठाण्याचे दादा बोलले, खरं खरं भरा. कोनी काय भरलं ते कोनालाच कळनार न्हाय. बाईंना पन न्हाय. मंग मी खरं भरलं.

हौसा: मंग बाईंना कळलं कसं?

मनाली: मी तिच्या मागे उभी होते.

हौसा: आँ?

मनाली: मुख्याध्यापक त्या दादांना बाहेर चहाला घेऊन गेले. ते पण ठरवूनच. मी रांगांमधून फिरत होते. सरूच्या पाठीशी आले तर तीन गोल भलतीकडे.

सरू: चार.

मनाली: चार. मी कागद ओढून घेतला. पेनाने भरलेला, खोडता येईना. जादा कागद होते. तिला ऑफिसात नेलं, नवा कागद समोर ठेवला. मी सांगत गेले, ती भरत गेली.

हौसा: म्हंजी दुसऱ्या टायमाला बरोबर भरलं ना तिनं?

मनाली: दुसऱ्या वेळी खोटं भरलं. मी भरायला लावलं. बरोबर होतं ते पहिलंच.

हौसा: मंग मी तिला मारली कशापायी?

मनाली: माझ्यापायी.

हौसा: असं नका बोलू बाई, मला भ्या वाटतं. सरे, काय भरलं व्हतं गं तू?

सरू: काय न्हाय.

मनाली: मी सांगते. "मला त्रास झाला तर मी माझ्या शिक्षकांना सांगू शकते." तिथं हिचा गोल, कधीच नाही. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, हिच्या जातीच्या दाखल्यासाठी मी तहसील कचेरीत चार खेपा घातल्या, वह्या दिल्या, आणि ही माझ्याबद्दल असं लिहिते! सगळ्या वर्गासमोर बोलले मी तिला. काय बोलले, आठवतं ना गं?

सरू: "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस."

हौसा: बरोबर बोलल्या की! त्यांनी येवढं केलंय आपल्यासाठी. आन् तुला कसला तरास हाय शाळेत? कवा सांगतलास तू बाईंना, आन् त्यांनी ऐकला न्हाय?

सरू: एकदा.

हौसा: कवा?

सरू: दिवाळीच्या आधी. आये, सोड ना.

मनाली: सांग तिला, सरू.

सरू: तुमाला म्हाईत हाय की.

मनाली: मला माहीत आहे. आईला नाही. बरं, मीच सांगते. शाळेत पाण्याचं पिंप आहे, मुलं त्यातूनच ग्लास बुडवून पितात. सरूने ग्लास बुडवला की भाविका आणि आणखी दोघीतिघी अख्खं पिंप ओतून टाकायच्या. वाडीवाल्यांचा हात लागला म्हणून. हिने येऊन मला सांगितलं.

हौसा: मंग?

मनाली: मी म्हटलं, तू उद्यापासून घरून बाटली आणत जा.

हौसा: ती निळी बाटली?

मनाली: हो.

हौसा: सरे! तू मला बोललीस, बाईंनी समद्या पोरांला बाटली आनाया सांगतलीय!

सरू: तुला काय सांगनार होते?

हौसा: मुकादमाच्या हातापाया पडून आनली मी ती. रिटर्न आलेल्या मालातली, झाकन तडकलेलं. त्या दिशी शेलार गावापासनं चालत आले, पन पाय दुखले न्हाईत. म्हटलं, गावातल्या पोरींवानी आता माझ्या पोरीकडं पन बाटली हाय. रोज सकाळी मीच भरून देत व्हते. माझ्या हातानं भरून देत व्हते गं!

सरू: म्हनून सांगतलं न्हाय.

मनाली: मी स्वतःची समजूत काढली. म्हटलं, स्वच्छतेचं आहे, बाटली केव्हाही बरीच. भाविका माझ्या चुलतदिराची मुलगी. एका अंगणात राहतो, रोज तोंड बघायचं असतं. तिला मी एका शब्दाने बोलले नाही. आज शरम वाटते, तोंड वर करवत नाही. पण खरं सांगू? त्या दिवशी नव्हती वाटली. त्या दिवशी वाटलं, चला, स्वस्तात मिटलं.

हौसा: आमाला काय, सवय हाय बाई. विहिरीवर म्हना, लग्नात म्हना. पन मला वाटलं व्हतं, शाळेत तसं नसंल. शाळेत तुमी हाव ना.

मनाली: हौसाताई, शिव्या द्या मला. बऱ्या वाटतील.

हौसा: ताई म्हनू नका एकदम. आन् शिव्या कोन कुनाला देनार? खरं भरलं म्हनून पोरीला मारलंय मी. तुमी नुसतं बोललात. हात तर माझाच उठला.

सरू: बाई, एक विचारू?

मनाली: विचार.

सरू: तुमाला पन होता ना कागद? मास्तर लोकांचा. ऑफिसात टेबलावर बघितला मी.

मनाली: होता.

सरू: त्यात काय विचारलं व्हतं?

मनाली: बरंच काही. एक होतं, "माझ्या वर्गात सर्व मुलांना सारखी वागणूक मिळते."

सरू: कुठला गोल भरलात?

मनाली: पहिला.

सरू: तुमच्या मागं कोन उभं व्हतं?

मनाली: कोणी नव्हतं गं.

(मनाली हातातली शेंग खाली ठेवते. पर्समधून घडी घातलेला कागद काढते.)

मनाली: हा घे. तुझा पहिला कागद. खराब झाला अशी नोंद केली आणि पर्समध्ये टाकला. फाडणार होते, हात धजला नाही. उद्या केंद्रप्रमुखांना लिहून देणार आहे मी, की या वर्गाचे कागद मी पढवून भरून घेतले, कोणताच धरू नका. नोटीस येईल, मुख्याध्यापक डोक्यावर बसतील. येऊ दे. तुझा हा जोडू का सोबत? तू हो म्हणालीस तरच. मागच्या खेपेला न विचारता घेतला होता.

सरू: तुमचं तुमी लिवा. माझा माझ्याकडं राहू दे.

मनाली: बरं. पण शाळेत ये. कामतघरला नको जाऊस. भाविकाशी मी बोलते, तिच्या आईबापासमोर बोलते. हौसाताई, पाठवाल ना? आणि थोडं पाणी द्या मला. घसा सुकला.

हौसा: तुमची बाटली हाय की.

मनाली: राहू दे ती. तुमच्या मडक्यातलं द्या.

हौसा: आमच्या मडक्यातलं? सरे, उठ... अगं उभीच हायेस! तांब्या घास आधी, राखेनं घास चांगला.

सरू: नको आये.

हौसा: नको काय? बाई पानी मागतायत!

सरू: इथं नको. इथं बघतंय कोन? बाई, उद्या मधल्या सुट्टीत मी देते. पिंपात ग्लास बुडवून. तवा प्या. भाविका असंल तवा.

मनाली: पिईन.

सरू: समदा ग्लास?

मनाली: सगळा.

हौसा: भावाला फोन करते, येऊ नको म्हनून. आन् सरे, उद्या ती बाटली घरीच ठेव.